करंगळीचा सत्कार

स्पर्श ही माणसाची पहिली भाषा आहे. हे वाक्य मी निवृत्त होईपर्यंत निरनिराळ्या व्यासपीठांवरून बोललो आणि प्रत्येक वेळी पहिल्या दोन रांगांतल्या माना हलल्या. बोलताना माझे दोन्ही हात समोरच्या टेबलाच्या कडेला असत. एरवी ते पुस्तकाला, चहाच्या कपाला किंवा एकमेकांना धरून असत. कुणी तान्हं मूल माझ्याकडे द्यायला आलं की मी विचारायचो, "मान सावरते का?" सावरत नाही म्हटलं की म्हणायचो, "मग राहू दे." माझी स्वतःची मुलगी मान सावरू लागल्याची बातमी मला तिच्या आईकडून समजली होती.

त्या मुलीला सातव्या महिन्यात मुलगी झाली. रक्तदाब एकाएकी वाढला, सिझर करावं लागलं. मुलगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात आणि नात खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत, अशी विभागणी झाली. जावई जहाजावर नोकरीला. जहाज त्या वेळी कुठल्यातरी समुद्राच्या मधोमध होतं आणि त्याला उतरवायला कंपनी सोयीचं बंदर शोधत होती. राहिली माझी बायको. ती पदर खोचून नवजात विभागाच्या दाराशी गेली, कोपरापर्यंत हात धुतले. नर्सने तिची बोटं उलटसुलट करून पाहिली आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. तिच्या हातांना जुना इसब आहे. भेगा पडलेले हात आत चालत नाहीत.

"मग यांचे बघा," बायको म्हणाली आणि मला पुढे ढकललं.

माझे हात निर्दोष निघाले. त्यांनी कधी भांडी घासली नव्हती.

आत एक थेरपिस्ट होती. लहान मुलांच्या गिळण्याबोलण्यावर काम करणारी. मी शिकवलेल्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाची, आणि त्यांच्यासारखीच माझं वाक्य पुरं होण्याची वाट न पाहणारी.

"काका, हिला अजून दूध ओढता येत नाही," ती म्हणाली. "चोखणं, गिळणं आणि श्वास, तिन्ही एका तालात यावं लागतं. तो ताल पोटातल्या शेवटच्या महिन्यांत बसतो. हिचे ते महिने इथे जाणार. तोवर नळीने दूध. पण नळी काढण्याआधी तिच्या तोंडाला जरा सवय लावायची. गालावरून, ओठांवरून, हिरड्यांवरून बोट फिरवायचं. मग करंगळी जिभेवर ठेवून थांबायचं. आपण करू रोज."

"आपण म्हणजे?"

"तुम्ही. अंगठी काढा. नखं पण काढा."

त्या खोलीत मी एकटा पुरुष होतो. डॉक्टर येत-जात असत, पण ते डॉक्टर होते. बाकी सगळ्या आया. पेट्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून त्या वाटीत दूध काढत. मध्ये हिरवा पडदा होता, तो निम्मा सरकायचा आणि अडकायचा. मी आत शिरलो की सरळ भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो आणि माझी वेळ येईपर्यंत भिंतीवरचं वाचायचो. भिंतीवर एकच पोस्टर होतं. 'स्तनपानाच्या योग्य पद्धती', सचित्र.

"बाबा," दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मागून आवाज आला, "काय वाचताय येवढं? परीक्षा हाय का त्याच्यावर?"

अख्खी खोली हसली. बोलणारी देवळ्याची होती, कांद्याच्या एका व्यापाऱ्याची सून. तिचा मुलगा आमच्या नातीच्या शेजारच्या पेटीत. माझे कान तापले.

"वळा हिकडं," ती म्हणाली. "आमची लाज कवाच धुतली, त्या हात धुयाच्या साबणानं. तुम्ही येकटे किती दिवस पुरवाल?"

मी वळलो, पण लाज काही गेली नाही. ती फक्त भिंतीवरून माझ्या करंगळीत उतरली. कारण नात मला दाद देत नव्हती. थेरपिस्टने बोट ठेवलं की तिची जीभ जराशी हलायची. माझं बोट आत गेलं की ती कपाळाला आठ्या घालून, ओठ मुडपून ते ढकलून द्यायची. समारोपाची भाषणं लांबतात तेव्हा माझाही चेहरा तसाच होतो, त्यामुळे तिचं म्हणणं मला कळत होतं. कधी ती उमासा काढायची, यंत्र टीं-टीं वाजायचं, नर्स धावत यायची आणि मी हात वर करून उभा राहायचो.

"ठप्पा मारताय का अंगठ्याचा?" देवळ्याची बाई म्हणायची. "हळू वं, बाबा."

"अंगठा नाही, करंगळी आहे."

"मग करंगळीवानी लावा की."

वरच्या मजल्यावर मुलगी विचारायची, "ओढलं का आज?" मी म्हणायचो, "प्रगती आहे." आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मी हा शेरा नापासांसाठी राखून ठेवला होता. तिलाही ते माहीत होतं. ती भिंतीकडे बघायची. आपल्या मुलीसाठी काही करायला तिच्याजवळ त्या वेळी माझ्या एका बोटाशिवाय काही नव्हतं, आणि त्या बोटाची गुणवत्ता ती लहानपणापासून ओळखून होती.

एकदा मी थेरपिस्टला विचारलं, "याने पुढे हिचं बोलणंही सुधारेल ना?"

"दूध लवकर ओढायला लागतात मुलं. नळी लवकर निघते. बोलण्याचं मला नाही सांगता येणार."

"पण तोंड तेच, जीभ तीच."

"तेच तोंड, काका. तरी नाही सांगता येणार."

अशा उत्तराने माझ्यासारख्याचं समाधान होत नाही. मी घरी येऊन इंटरनेटवर सापडतील ते शोधनिबंध वाचले. भाषा जड होती, पण ती पार करून पाहिलं तर दूध ओढण्याबद्दल बरंच आशादायक लिहिलेलं होतं. मुलं मोठी झाल्यावर बोलतात कशी, शिकतात कशी, याबद्दल मात्र शेवटी एकच वाक्य असायचं: अधिक संशोधनाची गरज आहे. आम्हीही आमच्या प्रबंधांच्या शेवटी हेच लिहीत होतो. त्याचा अर्थ काय असतो ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी मनाशी ठरवून टाकलं की नात अस्खलित बोलणार.

एका दुपारी तिने ओढलं. मी हिरड्यांवरून बोट फिरवून करंगळी जिभेवर टेकवली, आणि नेहमीप्रमाणे ढकलून दिली जाण्याची वाट पाहू लागलो. ढकललं नाही. जीभ बोटाभोवती वळली आणि बोट आत खेचलं गेलं, एकदा, थांबून पुन्हा, मग लागोपाठ. एवढ्याशा जिवाला एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं. अशा वेळी एखादं मोठं वाक्य सुचायला हवं. मला फक्त एवढंच सुचलं की हात हलवायचा नाही. नाकावर खाज सुटली होती, तीही मी सहन केली.

"लागली, लागली!" देवळ्याची बाई ओरडली. "ओढ बाई, दमू नको!" पडद्याआडून आणखी एक-दोघी डोकावल्या. मी रडलो नाही. चष्म्यावर वाफ धरली होती, एवढंच.

पुढे बोंडल्याने दूध सुरू झालं. मुलीला चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं, तिने पोरीला छातीशी घेतलं, आणि माझी करंगळी सेवानिवृत्त झाली. शेजारच्या पेटीतला मुलगाही त्याच सुमारास घरी गेला. त्याच्या आईने त्याच्या तोंडात हेच सगळं केलं होतं, शिवाय दूधही तीच देत होती. पण त्यात कुणाला सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

माझं मात्र मी सांगितलं. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर आमचा निवृत्तांचा एक गट चालतो; चालण्यापेक्षा बाकावर बसतो जास्त. तिथे मी नळी लवकर निघण्याचं सांगून पाहिलं. नळीत कुणाला रस नव्हता. मग मी बोलण्याचं सांगितलं. लहानपणीच तोंडाला चालना दिली की पुढे वाणी, बुद्धी, सगळं कसं खुलतं ते सांगितलं. थेरपिस्टने जे सांगता येणार नाही म्हटलं होतं, नेमकं तेच मी सांगत होतो, आणि माना हलत होत्या.

जावई बहुतेक समुद्रावरच, म्हणून मुलगी आमच्याकडे राहिली आणि नात आमच्याच घरी वाढली. तिला दोन वयं होती. एक जन्मापासूनचं आणि एक, लवकर जन्मली तेवढे महिने वजा करून डॉक्टर धरतात ते. घरी कुणी विचारलं तर मुलगी दुसरं सांगायची. ती बसली, रांगली, चालली; सगळं दुसऱ्या वयाप्रमाणे वेळेवर. फक्त बोलली नाही. दोन वर्षं झाली, मग दुसऱ्या वयानेही दोन झाली, तरी तिच्या तोंडून शब्द नाही. ऐकू सगळं येत होतं, तपासून घेतलं होतं. चेंडू आण म्हटलं की आणायची आणि चाटून द्यायची. रिमोट, चावी, माझ्या पुस्तकाचा कोपरा, सगळं आधी तोंडात. मुलगी सोसायटीतल्या हळदीकुंकवाला जाईनाशी झाली, कारण तिथे इतरांची मुलं श्लोक म्हणत. तिची सासू मालेगावहून फोनवर विचारायची, "काही बोलली का?" आणि मुलगी म्हणायची, "बोलेल." ती रोज नातीसमोर बसून एकेक वस्तू उचलून तिचं नाव घेत बसायची. मी खोलीत आलो की गप्प व्हायची. मी काही सिद्धान्त सांगेन अशी तिला भीती होती.

नेमका तेव्हाच माझा सत्कार ठरला.

आमच्या बाकावरचा एक जण त्या दवाखान्याच्या एका विश्वस्ताचा व्याही निघाला. दवाखान्यात मुदतीआधी जन्मलेल्या मुलांचा आणि पालकांचा मेळावा होता. त्यात 'आदर्श आजोबा' म्हणून मला शाल द्यायचं ठरलं. मी नको म्हणालो. पण जो सूर लावून नको म्हणायचं असतं, त्या सुरात म्हणालो, आणि तो सूर आपल्याकडे सगळ्यांना ओळखू येतो.

मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, आम्ही येऊ. पण तिला स्टेजवर न्यायचं नाही."

"छे, छे. प्रश्नच नाही."

हॉलच्या दाराशी आयांना एकेक गुलाब देत होते. ते निम्म्या आयांतच संपले. मागच्या रांगेत देवळ्याची बाई होती, गुलाबाशिवाय. तिचा मुलगा खुर्च्यांमधून पळत होता आणि पळताना तोंडाने ट्रॅक्टर चालवत होता.

"बाबा, तुम्हाला शाल व्हय?" तिने विचारलं. "आम्ही रात्रंदिवस वाटी धरून बसलो, आम्हाला निदान टावेल तरी!" आणि ती खदखदून हसली. मला हसता आलं नाही. पटकन पुढच्या रांगेत जाऊन बसलो. पुढची रांग माझ्यासाठीच राखीव होती.

दीपप्रज्वलन झालं. वारा होता, दोन वेळा करावं लागलं. मग सूत्रसंचालकाने माझी ओळख करून दिली. "भगवान श्रीकृष्णाने करंगळीवर गोवर्धन उचलला," तो म्हणाला आणि थांबला. मला पुढचं वाक्य दिसलं आणि पळून जावंसं वाटलं. "सरांनी करंगळीवर एक आयुष्य उचललं!" टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. सभागृहाला तो विनय वाटला.

शाल, नारळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्ह म्हणजे काचेचा तळहात आणि त्यात बाळाचं सोनेरी पाऊल, बरंच वजनदार. पहिल्या रांगेत कडेला थेरपिस्ट बसली होती. तिला स्टेजवर बोलावलं नव्हतं. तिचा उल्लेख 'दवाखान्याची तज्ज्ञ टीम' या शब्दांत आला. मी बोललो. स्पर्शाचं ते वाक्य बोललो. माना हलल्या.

मी खाली उतरणार तोच सूत्रसंचालक म्हणाला, "आणि आता या प्रयत्नांचं बोलकं फळ! कुठे आहे आपली छोटी परी?"

मी 'नको' म्हणालो, पण माइक त्याच्याजवळ होता. हाताने थांबवावं तर एका हातात नारळ, दुसऱ्यात तो काचेचा तळहात. तिसऱ्या रांगेत एका हौशी कार्यकर्तीने मुलीच्या मांडीवरून नातीला उचललंसुद्धा. मुलगी अर्धवट उठली. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे, आणि मला दिसलं की हे मीच ठरवलेलं आहे अशी तिची खात्री झाली आहे.

"बोल बेटा," सूत्रसंचालकाने माइक पुढे केला. "आजोबा कुठे आहेत? आ-जो-बा!"

नातीने माइककडे नीट पाहिलं. काळा, गोल, वर मऊ स्पंज. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडात घातला.

लाउडस्पीकर उत्तम होते. चुक्, चुक्, चुक्. सबंध हॉलभर, वरच्या पंख्यांपर्यंत, एका तालात. चोखणं, गिळणं, श्वास, सगळं जिथल्या तिथे. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हॉल फुटला. प्रमुख पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालक माइक ओढत होता, ती सोडत नव्हती. "बाळाला भूक लागली वाटतं," तो स्पंजाजवळ तोंड नेऊन म्हणाला.

मुलगी वर आली. तिने नातीच्या हातातून माइक सोडवला, ओढणीने तिचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता खाली उतरली. मी नारळ धरून उभा होतो.

घरी जाताना नात तिच्या मांडीवर झोपली. शाल गाडीच्या मागच्या काचेशी ठेवली होती.

"मी नव्हतं सांगितलं त्याला," मी म्हणालो.

"मला माहीत आहे."

"मग?"

"तुम्ही आत गेलात, बोट लावलंत, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "मला उठता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही गेलात. पण बाबा, ती बोलत नाहीये. मी रोज सकाळी तिच्या तोंडाकडे बघते. आणि तुम्ही सगळ्या गावाला सांगून ठेवलंय की ती बोलणार. आता ती नुसती उशिरा बोलणारी मुलगी राहिली नाही. तुमचं भाषण खोटं पाडणारी मुलगी झाली."

बायकोने खिडकी खाली केली. अंगभर लाज अशी काही पसरली की सीटबेल्टही टोचू लागला.

दुसऱ्या दिवसापासून मी बाकावर जायचं सोडलं. ट्रॅकवर उलट्या दिशेने चालायला लागलो, म्हणजे ओळखीचे लोक फक्त समोरून येत आणि ओलांडून जात. घरात करंगळी, नळी, संशोधन हे विषय बंद. मुलगी नातीसमोर वस्तू घेऊन बसली की मी शेजारी जाऊन बसू लागलो आणि काहीच बोलत नसे. मला ते जड गेलं. तिने हाकललं नाही. काही दिवसांनी एखादी वस्तू मीही उचलू लागलो. चमचा. मोजा. कांदा.

थेरपिस्टकडेही जाणं सुरू झालं. ती नातीशी खेळायची आणि आम्हाला सांगायची, "तुम्ही कमी प्रश्न विचारा. तिला 'बोल' म्हणू नका." तिने सत्काराचा विषय काढला नाही. मी काढला, तेव्हा म्हणाली, "माइक चांगला धरला होता तिने," आणि पुढच्या खेळाकडे वळली.

पावसाळ्याच्या आसपास नात 'दे' म्हणाली. मग 'नको'. 'नको' तिला फार आवडला. आठवडाभर तिने दुसरं काही वापरलं नाही. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. मी बाहेरच थांबलो, आणि त्या वेळी मी काही बोललो नाही हे मला आजही बरं वाटतं. मग शब्द जोडून येऊ लागले, मग थांबेनात. आता ती बालवाडीत जाते. 'र'चा 'ल' करते, पण तो तिच्या वर्गातली निम्मी मुलं करतात.

गेल्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. थेरपिस्टने तिच्याकडून चित्रं ओळखून घेतली, गोष्ट सांगून घेतली. गोष्ट लांबली. मग मुलीला म्हणाली, "आता यायची गरज नाही. वयाप्रमाणे सगळं ठीक आहे." मुलीने विचारलं, "कुठल्या वयाप्रमाणे?" ती हसली. "आता एकच वय. दुसरं सोडून द्या."

मुलगी नातीला चपला घालायला बाहेर घेऊन गेली. मी मागे राहिलो. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेला प्रश्न मी विचारला.

"मी ते बोट वगैरे केलं नसतं, तर ती बोलली असती का?"

तिने जरा विचार केला. माझ्यावर दया येऊन विचार केला असं नाही; खरंच केला.

"बहुतेक बोललीच असती," ती म्हणाली. "थोडे दिवस उशिरा घरी आली असती कदाचित. तेही नक्की नाही."

मला वाईट वाटलं. नात बोलतेय, ठणठणीत आहे, आणि तिचं बोलणं माझ्यामुळे नाही याचं मला वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याची जी लाज वाटली, ती हॉलमध्ये शाल पांघरून उभा होतो तेव्हाच्या लाजेपेक्षा जास्त होती, आणि ती कुणी पाहिलीही नाही. थेरपिस्टने दार उघडून पुढच्या मुलाला आत बोलावलं.

खाली मुलीने रिक्षा थांबवली होती. आम्ही बसलो. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं, आणि पत्ता नातीने सांगितला, मोठ्याने, गल्लीसकट, एकही शब्द न अडखळता. तो चुकीचा होता.